पंखा सगळ्यात शेवटी: आउटबोर्ड बोटीचा टॉप स्पीड कसा वाढवायचा

गोव्यात मांडवी आणि झुआरी नद्यांत चोणक, तांबोशी या माशांच्या मागे जाणाऱ्या १५ ते १८ फुटी फायबर बोटींचा वेग कमी वाटला की पहिला संशय पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर जातो. जास्त पिचचा (एका फेऱ्यात जास्त पुढे सरकणारा) पंखा आणून लावला जातो, आणि बोट आधीपेक्षा जड चालायला लागते. पंख्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी इंजिन किती आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, देतंय ते मोजायचं, मग तळ आणि वजन बघायचं, मग इंजिनाची उंची आणि ट्रिम, म्हणजे त्याचा तिरकेपणा, बसवायची. या सगळ्यातून जे जादा आरपीएम हाती लागतील ते शेवटी पिचवर खर्च करायचे.

फुल थ्रॉटलला इंजिन किती आरपीएमवर फिरायला हवं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डना ५००० ते ६००० असा पट्टा असतो, पण आपल्या मॉडेलचा आकडा बघूनच पुढे जायचं. इंजिन पट्ट्याच्या खाली अडकलं तर ते रेटून चालतं: कार्बन धरतं, तापतं, डिटोनेशन (इंधनाचा बेताल स्फोट) होऊन पिस्टन जाऊ शकतो. वर गेलं तर रेव्ह लिमिटर इंजिनाला मागे खेचतो. नेहमीच्या वजनात पट्ट्याच्या वरच्या निम्म्या भागात राहणं उत्तम.

मोजणी नेहमीच्या वजनातच करायची. जितकी माणसं रोज असतात तितकी, बर्फाचा डबा भरलेला, टाकी निम्मी. ५० लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास ३७ किलो, त्यामुळे रिकाम्या टाकीचा आकडा फसवतो. टॅकोमीटर नसेल तर स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा इंडक्टिव्ह टॅको चालतो. मात्र त्याचं सेटिंग चुकलं तर तो नेमका दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवतो. वेग जीपीएसवरच घ्यायचा. नदीत भरती-ओहोटीची ओढ असते, म्हणून एकाच टप्प्यात जाऊन-येऊन दोन्ही आकड्यांची सरासरी काढायची. रायबंदर ते जुने गोवे हा मांडवीचा पट्टा सकाळी बराच शांत असतो, पण चोडण आणि दिवाडीच्या फेरी आडव्या जातात आणि मध्येच बार्जची लाट येते. फेरीच्या वाटेपासून लांब राहायचं, जाळ्यांचे खुंट आधी हळू जाऊन बघून ठेवायचे, आणि किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवल्याशिवाय फुल थ्रॉटल द्यायचा नाही. हवेचंही लक्षात ठेवायचं. जानेवारीच्या पहाटे मिळणारे आरपीएम मेच्या दमट दुपारी मिळत नाहीत, म्हणून तुलना एकाच वेळच्या, एकाच हवेच्या फेऱ्यांची करायची.

आता स्लिप काढायची, म्हणजे बोटीचा खरा वेग कागदावरच्या वेगापेक्षा किती टक्के मागे पडतो ते. आरपीएम गुणिले पिच इंचांत, भागिले गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे), भागिले ६५६. उत्तर येतं तो तासाला किलोमीटरमध्ये कागदावरचा वेग. समजा आरपीएम ५४००, पिच १३, गिअर रेशो २.००. कागदावर ५३.५ येतात. जीपीएस ४५ दाखवत असेल तर फरक ८.५, म्हणजे स्लिप साधारण १६ टक्के. प्लेनवर, म्हणजे वेगात पाण्याच्या वर उचलून, धावणाऱ्या अशा बोटीला १० ते २० टक्के स्लिप रास्त आहे. अमेरिकेतल्या बास बोटी तळाला सपाट पॅड आणि खूप वर बसवलेलं इंजिन यांच्या जोरावर याहून खाली उतरतात, आपल्या साध्या व्ही तळाकडून ती अपेक्षा नको. २५ टक्क्यांवर गेली तर काहीतरी बिघडलंय. ५ टक्क्यांखाली आली तर टॅको, पिच किंवा गिअर रेशो यातला एखादा आकडा चुकीचा धरला गेलाय.

सुटे भाग घेण्याआधी तळ बघायचा. पाण्यातच बांधून ठेवलेल्या बोटीला थोड्याच आठवड्यांत शेवाळ आणि बार्नेकल धरतात, आणि नुसता तो खडबडीतपणाच टॉप स्पीडमधले बरेच किलोमीटर खातो. तळ खरवडून, घासून साफ करा आणि मगच पहिली मोजणी घ्या. मग दोन मीटरची सरळ अॅल्युमिनियम पट्टी ट्रान्समपासून, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीपासून, पुढच्या दिशेने तळाला लावून धरायची. पट्टीच्या मध्यभागी ३-४ मिलिमीटर फट दिसली तर तळात खोलगट बाक आहे. ट्रेलरचे आधार चुकीच्या जागी असले आणि बोट महिनोन्महिने तशीच उभी राहिली की असा बाक येतो. तो नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली दाबतो, पुढचा भाग पाण्यातून उठतच नाही आणि कुठलाही पंखा लावला तरी वेग येत नाही. हे काम फायबरवाल्याचं, पंखेवाल्याचं नाही. बिल्जमध्ये (तळाच्या पोकळीत) साचलेलं पाणी आणि फोममध्ये मुरलेलं पाणीही तपासा.

पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोट उभी राहिली तर जुनं पेट्रोल काढून टाका, १० मायक्रॉनचा वॉटर सेपरेटर फिल्टर बदला. पाणी मिसळलेल्या इंधनामुळे घसरलेल्या आरपीएमचं खापर पंख्यावर फोडण्यात अर्थ नाही.

इंजिनाची उंची हा या साऱ्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. पंख्याच्या बरोब्बर वर जी आडवी सपाट प्लेट असते ती अँटी-व्हेंटिलेशन प्लेट. बोट जमिनीवर सपाट ठेवून तळाची रेषा मागे वाढवायची आणि प्लेट त्या रेषेच्या कुठे येते ते बघायचं. सुरुवात तळाच्या बरोबरीने किंवा इंचभर वर. बऱ्याच बोटींवर ती तळाच्या खाली एक-दोन इंच लोंबत असते, म्हणजे गिअरकेसचा (इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या अंगाचा) तेवढा जास्त भाग विनाकारण पाणी कापत असतो. ब्रॅकेटमधल्या भोकांचं अंतर साधारण पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर असतं. एका वेळी एकच भोक वर घ्यायचं आणि पुन्हा तीच फेरी मारायची. जॅक प्लेटने (ट्रान्सम आणि इंजिन यांच्यामधल्या ब्रॅकेटने) इंजिन मागे सरकवलं असेल तर मागच्या प्रत्येक ८ इंचांना साधारण एक इंच जादा उंची चालते, कारण ट्रान्समच्या मागे पाणी वर उठतं.

आरपीएम आणि वेग दोन्ही वाढले तर आणखी एक भोक वर. आरपीएम वाढले पण वेग जागच्या जागी राहिला तर पंखा घसरतोय, एक भोक खाली. ट्रिम आत असताना साध्या वळणावरच पंखा हवा ओढून भणभणायला लागला तर उंची जास्त झाली. पाणी उपसणारी जाळी पाण्याबाहेर यायला लागली की इंजिन तापतं, म्हणून प्रत्येक पायरीला थंड पाण्याची धार बघायची आणि शक्य असेल तर वॉटर प्रेशर गेज लावून घ्यायचा. धार दिसते म्हणून दाब पुरेसा आहे असं गृहीत धरू नका.

बोल्ट ३१६ स्टीलचे, आणि जुनी भोकं सोडताना ती मरीन सीलंटने पक्की बंद. ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं. उघड्या भोकातून पाणी मुरलं की दोन पावसाळ्यांत ट्रान्सम आतून कुजतो आणि इंजिन पेलत नाही.

पॉवर ट्रिम असेल तर फुल थ्रॉटलवर थोडं थोडं बाहेर काढायचं. नाळ उचलते, स्टिअरिंग हलकं होतं, वेग चढतो. बोट उड्या मारायला लागली किंवा आरपीएम एकदम उसळले की जरासं आत. हाताने उचलायच्या इंजिनाला ट्रिमची पिन असते, तिचं भोक बदलून बघा: पूर्ण वेगात प्लेट पाण्याला साधारण समांतर दिसायला हवी. नाळ जड वाटत असेल तर बॅटरी आणि बर्फाचा डबा मागे सरकवा, उड्या मारत असेल तर पुढे.

इथपर्यंत आलं की पंखा. हबवर (पंख्याच्या मधल्या गोल भागावर) किंवा पात्याच्या मुळाशी दोन आकडे कोरलेले असतात: पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच एक इंच वाढवली की आरपीएम साधारण १५० ते २०० उतरतात, कमी केली की तेवढेच चढतात. वरच्याच उदाहरणात दोन भोकं वर घेऊन इंजिन ५७०० ला आणि वेग ४८ च्या पुढे गेला, तर १४ पिचचा पंखा लावून आरपीएम ५५०० च्या आसपास उतरतील आणि वेग ५० कडे जाईल. उंची न बदलता हाच १४ चा पंखा लावला असता तर इंजिन ५२०० ला गुदमरलं असतं आणि चार माणसं बसली की प्लेनवर यायलाच कुरकुरलं असतं. पात्याच्या मागच्या कडेला दिलेली वळी, म्हणजे कप, हीसुद्धा साधारण एक इंच पिचचं काम करते. कप असलेला पंखा हवा कमी ओढतो, त्यामुळे उंच बसवलेल्या इंजिनाला तोच हवा.

स्टीलची पाती पातळ असून वाकत नाहीत, म्हणून वेग त्यांच्यात आहे. पण खडपावर आपटल्यावर अॅल्युमिनियमचं पातं मोडतं आणि गिअर वाचतात, स्टीलचा धक्का थेट शाफ्ट आणि गिअरपर्यंत जाऊ शकतो. शापोरात किंवा आग्वादच्या रेतीच्या पट्ट्याजवळून रोज ये-जा करणाऱ्याने अॅल्युमिनियमवरच राहावं. चार पात्यांचा पंखा पकड चांगली देतो, निव्वळ टॉप स्पीडसाठी तीनच.

पंखा बदलताना किल स्विचची क्लिप काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, प्लगच्या कॅप काढा. पातं आणि प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा म्हणजे नट सोडवताना पंखा फिरणार नाही. कॉटर पिन, नट, वॉशर, पंखा, आणि त्यामागचं थ्रस्ट वॉशर ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघतं तसंच मांडून ठेवा. वॉशरमागे हमखास गरीची तंगूस गुंडाळलेली सापडते. ती सील कापते आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं, तेल दुधासारखं दिसलं तर कारण बहुधा हेच. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) मरीन ग्रीस लावा, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, भोक जुळत नसेल तर नट सैल न करता थोडा पुढे आवळून कॉटर पिन घाला. पिन दर वेळी नवी.

आरपीएम उसळतात पण बोट पुढे जात नाही, असं झालं तर हबचं रबर सुटलंय का ते बघा. आतल्या आणि बाहेरच्या हबवर मार्करने एक सरळ रेघ ओढून फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर हब घसरतोय आणि पंखा गेला. म्हणून बोटीत जुना पंखा, नट, दोन कॉटर पिना, पाना, पक्कड आणि तो लाकडी ठोकळा कायम ठेवा.