वारशाने आलेले जुने टेलिफोन शेअर: विकण्याआधीची तयारी

न्यू जर्सीतल्या घरी आई-वडिलांच्या कपाटात एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीची जुनी शेअर सर्टिफिकेटं सापडली की सगळी भावंडं एकाच प्रश्नामागे लागतात: बाबांनी हे शेअर केवढ्याला घेतले होते? त्याआधी मृत्यूचा दाखला हातात घ्या. विकताना कर नफ्यावर लागतो, आणि तो नफा मोजताना अमेरिकी करकायद्यात वारशाने आलेल्या शेअरची किंमत मालकाच्या मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात, त्यामुळे खरेदीच्या भावाची बहुतेक घरांत गरजच पडत नाही. त्या दिवसाचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव घेऊन दोन्हींची सरासरी काढा. मृत्यू शनिवारी किंवा रविवारी झाला असेल, तर शुक्रवार आणि सोमवार या दोन्ही दिवसांचे भाव लागतात. इस्टेट टॅक्सचं, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरच्या कराचं, रिटर्न भरलं गेलं असेल तर आधी तेच शोधा. त्यात हा आकडा तयार मिळतो.

शेअर नवरा-बायकोच्या नावावर जोडीने असतील आणि दोघांपैकी एक जण हयात असेल, तर बहुतेक राज्यांत निम्म्याच शेअरची किंमत नव्याने धरली जाते आणि उरलेल्या निम्म्यांना जुनाच भाव लागू राहतो. कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमध्ये नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता असेल, तर दोन्ही भागांना नवा भाव मिळतो. म्हणून विधवा आईला विकायचं असेल, तर शेअर कोणत्या राज्यात राहत असताना घेतले हे तिला आवर्जून विचारा. दोघंही गेल्यावर मुलांकडे आलेल्या शेअरला मात्र शेवटी गेलेल्याच्या मृत्यूची तारीख धरायची.

मूळ किंमत खरोखर शोधावी लागते ती शेअर हयातीत बक्षीस म्हणून मिळाले असतील तेव्हा, किंवा मालक २०१० साली वारले असतील आणि त्यांच्या इस्टेटीने जुनी किंमतच पुढे नेण्याचा, त्या वर्षापुरता असलेला पर्याय निवडला असेल तेव्हा. मग संयम हवा. १ जानेवारी १९८४ला बेल सिस्टिम, म्हणजे एटी अँड टीचा टेलिफोन समूह, मोडली आणि दर दहा शेअरमागे सात प्रादेशिक कंपन्यांचा एकेक शेअर मिळाला: अमेरिटेक, बेल अटलांटिक, बेलसाउथ, नायनेक्स, पॅसिफिक टेलिसिस, साउथवेस्टर्न बेल आणि यू एस वेस्ट. खरेदीची किंमत या सगळ्यांत ठरलेल्या टक्केवारीने विभागायची.

समजा, तेव्हा १०० शेअर होते. त्यावर १९९६मध्ये एटी अँड टीपासून वेगळ्या काढलेल्या ल्युसेंटचे ३२ आणि एनसीआरचे ६ आले. १९९९च्या स्प्लिटने १००चे १५० झाले. २००१मध्ये एटी अँड टी वायरलेसचे ४८ आणि २००२मध्ये कॉमकास्टचेही ४८ मिळाले, मग पाचाचा एक करून १५०चे ३० उरले. २००५मध्ये साउथवेस्टर्न बेलने, म्हणजे तेव्हाच्या एसबीसीने, मूळ कंपनीच विकत घेऊन तिचं नाव लावलं आणि त्या ३०चे २३ झाले. अपूर्णांकांचे पैसे रोख मिळाले, त्यांचीही नोंद ठेवा. २०२२मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीचे शेअर आले, तिथे किंमत पुन्हा विभागली गेली. हा झाला एकाच फांदीचा हिशोब. प्रादेशिक कंपन्यांच्या अशाच फांद्या वेगळ्या चालतात. टक्केवारीसाठी एटी अँड टी आणि व्हेरायझन (बेल अटलांटिकचं पुढचं नाव) यांची गुंतवणूकदारांसाठीची पानं बघा, आणि २०११ पासूनच्या घडामोडींसाठी कंपन्यांनी भरलेला फॉर्म ८९३७, ज्यात अशा बदलांचा किमतीवर होणारा परिणाम दिलेला असतो.

खरेदीची तारीख सर्टिफिकेटवर, ब्रोकरच्या पावतीवर किंवा ट्रान्सफर एजंटकडे मिळू शकते. डिव्हिडंड पुन्हा गुंतवले जात असतील तर प्रत्येक तिमाही ही वेगळी खरेदी असते आणि त्या रकमेवर कर आधीच भरलेला असल्याने ती किमतीत मिळवायची असते. ही पत्रकं फेकू नका. तीच नसतील तर जुनी टॅक्स रिटर्न चाळा. कोणत्या वर्षी कोणत्या कंपनीचा डिव्हिडंड आला ते त्यांत असतं. कागदाचा कसलाच आधार नसेल तर कर खातं मूळ किंमत शून्य धरू शकतं, म्हणून ही मेहनत वाया जात नाही.

राज्याच्या बेवारस मालमत्ता विभागातही शोध घ्या, आणि प्रत्येक जुन्या कंपनीसाठी नाव वेगवेगळ्या तऱ्हेने टाकून बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, ते कुठे आद्याक्षर होऊन बसतं तर कुठे आडनावाच्या जागी जातं, आणि एकाच माणसाची दोन-तीन खाती होतात.

भारतात राहणाऱ्या वारसाची यादी वेगळी. पुण्यातली बहीण आणि एडिसनमधला भाऊ यांना सारखेच शेअर मिळाले, तरी तिला भारतीय कायद्याने मृत्यूच्या दिवसाचा भाव चालत नाही. वडिलांनी दिलेली किंमत लागते. खरेदी १ एप्रिल २००१च्या आधीची असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव घेता येतो. तो रविवार होता, तेव्हा शुक्रवारचा, ३० मार्चचा भाव मिळवून सीएला दाखवा. मग १९८४ची गुंतागुंत बाजूला पडते आणि २००१ नंतरचे बदल तेवढे उरतात. ते कसे धरायचे आणि डॉलरचे रुपये कोणत्या दराने करायचे हेही सीएकडूनच लिहून घ्या. विकेपर्यंत दरवर्षीच्या रिटर्नमध्ये हे शेअर परदेशी मालमत्ता म्हणून दाखवायचे असतात, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही.

वडील अमेरिकी नागरिक नसतील आणि पुण्याला परत येऊन कायमचे स्थायिक झाल्यावर वारले असतील, तर अमेरिकेतली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर जाते का ते बघा. गेली तर तिथलं इस्टेट टॅक्सचं रिटर्न भरावं लागतं. शेअर नावावर करताना सहीवर मेडॅलियन गॅरंटीचा, म्हणजे सही खरी असल्याच्या बँकेच्या हमीचा, शिक्का मागतात. भारतातल्या बँकेत तो सहसा मिळत नाही, म्हणून अमेरिकेत खातं असलेल्या भावंडाने आपल्या बँकेत आधीच चौकशी करून ठेवावी.

आणि वडील अजून हयात असतील, तर जुने, भाव वाढलेले शेअर घाईने मुलांच्या नावावर करू नका. बक्षिसाबरोबर त्यांची जुनी किंमतही मुलांकडे येते आणि अमेरिकेत राहणाऱ्या मुलांना पुढे विकताना सगळ्या वाढीवर कर पडतो.