रहस्यकथा, भयकथा, बालकथा सगळंच लिहिताय? या चुका टाळा

माझ्या कपाटात एक निळी फाईल आहे. तिच्यात अकरा अर्धवट कथा साठल्या होत्या. पाच रहस्यकथा, तीन ग्रामीण, दोन भयकथा आणि एक मुलांसाठीची. बहुतेक सातव्या-आठव्या पानावर थांबलेल्या. आपल्याला एक प्रकार धरून बसता येत नाही म्हणून असं होतं, अशी मी बरीच वर्षं समजूत करून घेतली होती. एका रविवारी सगळ्या ओळीनं वाचल्या आणि खरं कारण कळलं. कथा जिथं अवघड झाली, तिथं मी प्रकार बदलला होता.

बेळगाव-खानापूर भागात माझ्यासारखे नोकरी, शेती सांभाळून लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी बोलताना हीच तक्रार सारखी कानावर येते, म्हणून आधी तीच घेतो.

अडल्यावर दुसऱ्या प्रकारात पळणं

खानापूरच्या कौलांच्या भट्टीवर खून होतो, अशी एक कथा होती. आठव्या पानावर प्रश्न आला: खुनी मध्यरात्री भट्टीवर पोचला कसा? शेवटची बस गेलेली, गाडी त्याच्याकडे नाही. दोन रात्री डोकं खाजवलं आणि म्हटलं, जरा भयकथा घेऊया, मन ताजं होईल. मन ताजं झालं खरं, पण खुनी तीन वर्षं रस्त्यातच राहिला.

आता अडलो की वहीच्या वरच्या बाजूला एकच ओळ लिहितो: अडलंय कुठं? उत्तर शक्य तितकं बारीक लिहायचं. ‘कथा रंगत नाही’ हे उत्तर नव्हे. ‘हा माणूस रात्री तिथं कसा आला ते मला माहीत नाही’ हे उत्तर. मग मागं जायचं. माझा अनुभव असा, की आठव्या पानावरच्या अडचणीचं मूळ दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतं. भट्टीच्या कथेतही तेच निघालं. भट्टी पेटवली की रात्रभर कुणीतरी लाकूड सारत बसावंच लागतं. दुसऱ्या पानावर मी खुन्याला गावात घरी झोपवला होता. त्याला भट्टीवर राखणीला बसवला आणि प्रश्नच मिटला. त्याला कुठून यायचंच नव्हतं, तो तिथंच होता. पुढची सहा पानं दोन बैठकांत झाली.

प्रकार बदलायला माझी हरकत नाही, मीही बदलतो. पण पहिला खर्डा शेवटच्या ओळीपर्यंत गेल्यावरच. एका वेळी दोन कथा हातात ठेवायच्याच असतील, तर एक खर्ड्यात आणि दुसरी दुरुस्तीत असू द्या. दोन्ही खर्ड्यात असल्या की अवघड झालेली मागं पडते.

सेटिंग न बदलता जॉब लावणं

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या यंत्रावर काम करतो. जॉब, म्हणजे बनवायचा भाग, बदलला की टूल बदलायचं, ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती, घालायचा, पहिला पीस काढून मोजायचा. तो पास झाल्याशिवाय दुसरा काढत नाहीत. लिहिताना मात्र मी हे कधी केलं नव्हतं. रहस्यकथेनंतर लगेच भयकथा घेतली आणि रहस्यकथेच्या सवयीनं शेवटच्या पानावर सगळा उलगडा करून टाकला. कोण, का, कसं, सगळं सांगितलं. भीती तिथंच मेली.

आता कथेची पहिली दोन पानं हाच माझा पहिला पीस. ती त्या प्रकाराच्या वाचकाकडूनच तपासून घेतो. बालकथा असेल तर चौथीतल्या भाच्याला वाचून दाखवतो आणि त्याची नजर जिथं खिडकीकडं गेली तिथं पेन्सिलीनं खूण करतो. त्यानं ‘छान आहे मामा’ म्हटलं तर ते मनावर घेत नाही, खुणा मोजतो.

ऐतिहासिक कथेत हा पहिला पीस फार जपून तपासावा लागतो. १८२४च्या कित्तूरच्या लढाईवर लिहिताना मी एका पहारेकऱ्याच्या हाती काडेपेटी दिली होती. बैलहोंगलच्या एका निवृत्त गुरुजींनी ती ओळ पकडली. घासून पेटणारी काडी इंग्लंडातच १८२७ मध्ये विकायला आली! काडेपेटी काढून त्याच्या हाती ठिणगी पाडायची चकमक दिली, आणि प्रसंगच सुधारला. चकमक झाडायला वेळ लागतो, ठिणगी दिसते, आवाज होतो. अंधारात लपलेल्या माणसाला सावध व्हायला तेवढं पुरतं.

सगळ्या पात्रांना एकच भाषा

भयकथेतली आमच्याकडची म्हातारी ‘बाळ, या वेळी तू एकटा कुठे निघाला आहेस?’ असं म्हणाली, तर वाचक तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. ‘कुटं चाललास रे एवढ्या रातचं?’ म्हणाली की अंगावर काटा येतो. आपल्या बोलीची लाज वाटून ती पुसून टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. उलट टोकाला जाऊन प्रत्येक वाक्यात बोली कोंबली तरी वाचक दमतो. निवेदन साधं ठेवावं, बोली बोलण्यात यावी.

कन्नडचंही तसंच. कंडक्टर कन्नड बोलणार, तलाठी कन्नड बोलणार, ते काढून टाकलं तर गाव खोटं वाटतं. पण प्रत्येक ओळीपुढं कंसात अर्थ देत बसू नका. ‘मुंद होग्री, मुंद होग्री,’ कंडक्टर ओरडला आणि माणसं पिशव्या उचलून पुढं सरकली. अर्थ कळला की नाही?

हंगाम न पाहता कबूल होणं

दिवाळी अंकांची प्रथा १९०९च्या ‘मनोरंजन’पासून चालत आली आहे, आणि अजूनही नव्या लेखकाची पहिली कथा बहुधा तिथंच छापून येते. संपादक जुलै-ऑगस्टमध्ये मजकूर मागतात. नेमकी तेव्हाच आपल्याकडं भाताची रोपलावण. घरचे सगळे चिखलात आणि मी कथा पुरी करणार, हे मला कधी जमलं नाही. म्हणून खर्डा एप्रिल-मेमध्ये उरकतो. पावसाळ्यात फक्त दुरुस्ती. ती तासाभराच्या तुकड्यांत होते, खर्ड्याला मात्र सलग सकाळ लागते.

टोपणनाव

प्रत्येक प्रकाराला वेगळं नाव घेण्याची घाई नको. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये हे त्यामागचं कारण होतं. तसं कारण असेल तर घ्या.

छापायची कथा व्यासपीठावर वाचणं

कडोली, येळ्ळूर, उचगाव इथल्या साहित्य संमेलनांत कथाकथन असतं. मी एकदा छापून आलेली रहस्यकथा तशीच वाचली. सहा संशयितांची नावं मांडवातल्या कुणाच्या लक्षात राहतील? ऐकणाऱ्याला पान मागं उलटता येत नाही. आता कथाकथनासाठी वेगळी प्रत करतो: पात्रं तीनच, नावं एकमेकांपासून लांबची, आणि महत्त्वाचा धागा दोनदा येईल असा. आदल्या रात्री ती भाकऱ्या थापणाऱ्या आईला ऐकवतो. तिचा हात परातीत थांबला, की ती जागा सोडायची नाही.