मोशन सेन्सर उगाच बोंबलतो? या चुका टाळा

मे महिन्यात अलार्म लावून गावी गेलो, तर दुसऱ्याच दुपारी शेजारच्या काकूंचा फोन. "अरे, तुमचं घर कधीचं बोंबलतंय!" चोरबीर कुणी नव्हता. बसवणाऱ्याने सेन्सर पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून लावला होता, आणि उन्हाने तापलेला पडदा फटीतल्या वाऱ्यावर हलत होता.

घरगुती सेन्सर बहुतेक पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) प्रकारचे असतात. त्यांना हालचाल दिसत नाही, सरकणारी उष्णता दिसते. पुढचं पांढरं प्लास्टिकचं भिंग खोलीचे अदृश्य पट्टे पाडतं; एका पट्ट्यातून दुसऱ्यात ऊब सरकली की इशारा. म्हणून तो दाराच्या बरोबर समोर लावणं चूक. थेट त्याच्याकडे चालत येणारा माणूस फार पट्टे ओलांडत नाही. कोपऱ्यात, साधारण 7 ते साडेसात फुटांवर असा लावा की आत शिरलेला माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. एसीचा झोत, गॅसची शेगडी, देवघरातली समई यांच्याकडे तोंड नको. आणि काचेपलीकडचा माणूस त्याला दिसत नाही, तेव्हा बाल्कनीची राखण आतल्या सेन्सरवर सोडू नका.

उलटा त्रास उन्हाळ्यात होतो. आपली त्वचा साधारण 33-34 अंश असते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बंद घराच्या भिंतीही तेवढ्या तापतात, मग भिंतीपुढचा माणूस सेन्सरला नीट वेगळा कळत नाही. घेताना तापमान-भरपाईची (गरमीत सेन्सरची संवेदनशीलता आपोआप वाढवण्याची) सोय आहे का ते विचारा, आणि चालून बघण्याची चाचणी भर दुपारीही करा.

रात्री दोनला अलार्म वाजला तर आधी पालीवर संशय घ्या. भिंगावरून फिरणारी पाल सेन्सरला माणसाएवढी वाटू शकते. कोळ्याचंही तेच. वायरचं भोक सिलिकॉनने बुजवा, मुंग्याही आत जाणार नाहीत. घरात मांजर असेल तर 'पेट इम्यून' (म्हणजे पाळीव प्राण्यांमुळे न वाजणारा) या शब्दावर विसंबू नका. खोक्यावर किलो लिहिलेले असले तरी सेन्सरकडे वजनकाटा नसतो. मांजर कपाटावर चढली की संपलं.

दिवाळीच्या रंगकामात भिंगावर रंगाचे शिंतोडे उडू देऊ नका, आधी झाकून घ्या. पुसायचं ते कोरड्या मऊ फडक्याने, थिनर अजिबात नाही. गणपतीची आरास किंवा नवं कपाट समोर आलं की सेन्सर आंधळाच.

वायरलेस सेन्सर चाचणीत एकदा लागला आणि लगेच पुन्हा लागला नाही, तर तो बिघडला म्हणून परत करू नका. बॅटरी वाचवायला बरेच सेन्सर एकदा इशारा दिल्यावर काही मिनिटं झोपतात. खोलीबाहेर जा, चहा घ्या, मग पुन्हा चालून बघा. तरीही गप्प असेल तर सेल बदला.