डोंगरउतारावर डोझर आणि पोकलेन सुरक्षित कसे चालवावे

कोकणात आणि घाटमाथ्यावर आंबा-काजूच्या बागेसाठी, घरासाठी किंवा वाडीच्या रस्त्यासाठी डोंगर कापायचा झाला की पोकलेन (बकेटने खोदणारं मशीन) किंवा डोझर (पुढच्या पात्याने, म्हणजे ब्लेडने, माती लोटणारं मशीन) तासाच्या भाड्यावर बोलावला जातो. मीटर चालू असतो, म्हणून ट्रेलरवरून उतरवल्याबरोबर मशीन थेट चढावर घातलं जातं. हा लेख ऑपरेटरसाठी आहे, तसाच भाडं देणाऱ्या जागामालकासाठीही. सपाट जागा करून घ्यायला लागणारा वेळ मालकाने मोकळ्या मनाने दिला नाही, तर ऑपरेटरवर जोखीम घेण्याचा दबाव येतो.

आधी पायी फिरा. मशीन जिथे जाणार त्या सगळ्या वाटेने चालत जा. जमिनीला भेगा, पाझरणारं पाणी, वाकलेली झाडं, सुटे दगड, जुना भराव, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा हे सगळं बघून घ्या. गवताखाली उघडा कातळ असेल तर तिथे खूण करा. चाकांऐवजी असलेली लोखंडी चेन मुरुमात रुतते, पण कातळावर तिला पकड मिळत नाही आणि मशीन सरळ घसरतं. जांभ्याच्या भागात वरचा थर दगडासारखा टणक, पण त्याखाली बऱ्याचदा मऊ चिकणमाती असते. कापणी तिथवर पोचली की वरचा भाग निराधार होतो.

मग उतार मोजा. नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. एक मीटर लांबीची पट्टी घेऊन तिचं एक टोक जमिनीवर टेकवा, लेव्हलने ती आडवी धरा आणि दुसऱ्या टोकाखालचं अंतर मोजा. ३० सेंटिमीटर भरलं तर उतार ३० टक्के, म्हणजे साधारण १७ अंश. ५० सेंटिमीटर म्हणजे जवळपास २७ अंश. १०० टक्के उतार म्हणजे ४५ अंश, ९० नव्हे. इथे पुष्कळ जण गल्लत करतात. हा आकडा मशीनच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. पुस्तिकेत इंजिनला तेल पोचण्याची मर्यादा दिलेली असेल, तर तेवढ्या उतारावर मशीन उलटणार नाही असा त्याचा अर्थ होत नाही. ओली जमीन, एका बाजूच्या चेनखाली आलेला दगड किंवा दुसऱ्या बाजूचा खड्डा यांनी खरी मर्यादा खूप खाली येते.

डोझर सरळ वर, सरळ खाली. उताराला आडवं जाणं टाळा. मशीन कुशीवर उलटतं ते तिथेच. वळायचं असेल तर सपाट जागेवर वळा. ती नसेल तर आधी तयार करा. वरून सुरुवात करून डोंगराच्या बाजूला कापत पायरी पाडायची आणि मशीन डोंगराकडे किंचित कललेलं ठेवायचं. बाहेरची चेन ताज्या भरावावर येऊ द्यायची नाही. माती कडेवरून खाली लोटताना ब्लेड कडेपर्यंत नेऊ नका. पहिला ढीग कडेच्या अलीकडे सोडा आणि पुढच्या ढिगाने तो ढकला.

उतरताना खालचा गिअर टाका, ब्लेड जमिनीलगत ठेवा. न्यूट्रलमध्ये कधीच उतरू नका. जुन्या क्लच-ब्रेक स्टीअरिंगच्या डोझरवर एक गोष्ट नव्या ऑपरेटरला समोर बसवून शिकवलीच पाहिजे: तीव्र उतारावरून उतरताना डाव्या चेनचा क्लच ब्रेक न लावता नुसता मोकळा केला तर डावी चेन मोकळी होऊन जोरात धावते आणि मशीन उजवीकडे वळतं. डोझर घसरू लागला तर ब्लेड खाली टेकवा आणि तोंड सरळ उताराच्या दिशेने ठेवा.

पोकलेनचं गणित वेगळं आहे. चढताना स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) मागे, बूम (बकेटचा लांब हात) पुढे आणि बकेट जमिनीपासून २०-३० सेंटिमीटरवर. केबिन फिरवल्यामुळे स्प्रॉकेट तुमच्या समोर आलं असेल तर चालवण्याचे लिव्हर उलटे काम करतात. म्हणून हलण्याआधी स्प्रॉकेट कुठे आहे ते पाहा. भरलेली बकेट उताराकडे झोकात फिरवू नका. खोदकामासाठी आधी त्याच बकेटने चेनखालची जागा सपाट करून घ्या. चाकांचा जेसीबी तर तीव्र उतारावर नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीटबेल्ट आणि माणसं. मशीन उलटल्यास ऑपरेटरला वाचवणारी संरक्षक चौकट केबिनला असली तरी बेल्टशिवाय तिचा उपयोग नाही. मशीन कलताना उडी मारावीशी वाटते, पण उडी मारणारा त्याच मशीनखाली सापडू शकतो. बेल्ट लावून, सीट घट्ट धरून आतच राहा. काम चालू असताना खालच्या अंगाला कोणीही नको: मजूर नको, बघे नकोत, गुरं नकोत. हेल्पर बाजूला, ऑपरेटरला दिसेल असाच उभा राहील. तो दिसेनासा झाला की काम थांबवायचं.

पावसाळ्यात थांबा. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी दरडीखाली गेली. दोन्ही वेळा पाऊस मुसळधार होता. पाण्याने भिजलेला उतार आपल्याच वजनाने सुटू शकतो. त्याचा पायथा कापून त्यावर वीस टनांचं मशीन हादरवणं म्हणजे खालच्या वस्तीचा जीव धोक्यात घालणं. डोंगरकापणी पावसाआधी संपवा आणि पाण्याला वाट काढून द्या. पाऊस थांबल्यावर लगेच मशीन चढवू नका. पुन्हा पायी फिरा, नव्या भेगा शोधा.

संध्याकाळी मशीन सपाट जागी, कडेपासून आणि कापलेल्या दरडीपासून दूर लावा. ब्लेड किंवा बकेट जमिनीवर टेकवा, पार्किंग ब्रेक लावा. नाइलाजाने उतारावर ठेवावं लागलं तर चेनला खालच्या बाजूने ओंडके लावा आणि किल्ली काढून घ्या.