म्हातारा राजा निवडताना

साताऱ्यात ऐतिहासिक नाटक बसवायला घेतलं की मावळे व्हायला पोरांची रांग लागते. अडतं ते वयस्कर राजापाशी. मग गटातला सर्वांत पोक्त आणि भारदस्त आवाजाचा माणूस उभा करायचा, त्याला पांढरी दाढी लावायची, पाठ वाकवायला सांगायचं, हात थरथरवायला सांगायचं. अशानं रंगमंचावर नुसता म्हातारा दिसतो, राजा दिसत नाही.

संहिता हातात आली की मी आधी एक गोष्ट ठरवते. वयानं या माणसाचं काय गेलं आणि काय जसंच्या तसं राहिलं? जे राहिलं ते ज्याच्या अंगात मुळातच आहे, असा नट शोधायचा. गेलेलं दाखवायला रंगभूषा आणि तालीम आहेच.

औरंगजेबाचं घ्या. 1695 साली जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत त्याला भेटला. बादशहा तेव्हा शहात्तर वर्षांचा. कारेरीनं लिहून ठेवलेला माणूस ठेंगणा, सडपातळ, मोठ्या नाकाचा, वयानं वाकलेला आणि काठी टेकणारा आहे. पण तोच माणूस अर्ज हातात घेऊन चष्म्याशिवाय वाचतोय, त्यावर स्वतःच्या हातानं शेरे मारतोय, आणि चेहऱ्यावर हसू आहे. पाठ गेली, डोळे आणि लेखणी शाबूत. त्यामुळे या भूमिकेसाठी मी गडगडाटी आवाजाचा नट बघत नाही. आमच्याकडे ती महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी केली. उंची बेताची, आवाज साधा. पण कागद हातात घेतला की नजर थेट खालच्या सहीवर जायची, आणि समोरचा बोलत असतानाच यांचा निकाल झालेला असायचा. ही सवय तालमीत शिकवून येत नाही.

इथे साल फार महत्त्वाचं. डिसेंबर 1699 मध्ये बादशहा सातारच्या किल्ल्याला वेढा घालून बसला तेव्हा त्याचं वय एक्क्याऐंशी. एप्रिल 1700 मध्ये किल्ला पडला, त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढे पावसाळा सरता सरता खवासपूरला माण नदीच्या पुराने छावणीत हाहाकार उडाला, त्या धांदलीत त्याचा गुडघा निखळला, आणि तिथून तो कायमचा लंगडू लागला. म्हणजे वेढ्याच्या प्रवेशात लंगडणारा औरंगजेब चूक, आणि 1707 च्या अहमदनगरच्या प्रवेशात न लंगडणाराही चूक. पायाचं दुखणं असलेला नट निवडायच्या आधी प्रवेश कोणत्या सालचा आहे ते बघा.

ताराबाईंचं गणित वेगळं. नोव्हेंबर 1750 मध्ये त्यांनी शाहू महाराजांनंतर गादीवर आलेल्या छत्रपती रामराजाला सातारच्या किल्ल्यावर कैद केलं, तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या होत्या. पेशवे दूर असल्याची संधी त्यांनी साधली, गुजरातेतले मराठा सरदार दमाजी गायकवाड यांना मदतीला बोलावून घेतलं. अर्धं आयुष्य कैदेत आणि नजरकैदेत काढलेल्या बाईचा संयम आहे हा. नाटकात मात्र त्यांना सारखं कडाडायला लावतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी ही भूमिका मंडईत आडत चालवणाऱ्या एका मावशींना दिली. दहाजण ओरडत असताना त्या गप्प बसायच्या आणि शेवटचा भाव त्यांच्याच तोंडून निघायचा. त्यांना वाक्यं पाठ करायला वेळ लागला, तो मी दिला.

शाहू महाराज 1749 च्या डिसेंबरात गेले, सदुसष्टाव्या वर्षी. वारस कोण यावरून बिछान्याभोवती सगळे बोलतायत आणि ते ऐकतायत, असा प्रवेश असेल तर ऐकता येणारा नट हवा. हा गुण फार दुर्मीळ आहे. बहुतेक नट आपल्या पुढच्या वाक्याची वाट बघत बसलेले असतात.

आणि शिवराय 1680 मध्ये गेले तेव्हा जेमतेम पन्नाशीचे होते. त्यांना कृपा करून जख्ख म्हातारं करू नका. राज्याभिषेकाच्या प्रवेशात जिजाऊ मात्र शहात्तर वर्षांच्या आहेत, आणि त्यानंतर अकरा दिवसांनी त्या जातात. तिथे अंगातली ताकद संपत आल्याचं दिसायलाच हवं.

निवड करताना संवाद वाचून घेऊ नका. गादी घाला, लोड ठेवा, मांडी घालून पंधरा मिनिटं बसायला सांगा, आणि मध्ये कुणाला तरी निरोप घेऊन पाठवा. जो सारखा अंगरखा सारखा करतो, लोडावर रेलून पाय पसरतो, तो बाद. मग उठायला सांगा. उठताना हात कुठे टेकतो, कुणाकडे बघतो, हे नीट बघा; राजाला आधार मागावा लागत नाही, हुजऱ्या आधीच पुढे आलेला असतो. म्हणून मी हुजऱ्या आणि राजा एकत्रच निवडते. चांगला हुजऱ्या मिळाला नाही तर कितीही मोठा नट राजा वाटत नाही.

चाळिशीतला नट सत्तरीचा करायचा असेल तर चेहऱ्यावर रेघा ओढत बसू नका, हल्लीच्या एलईडी दिव्यांत त्या पट्ट्यांसारख्या दिसतात. मान आणि हात बघा. गुबगुबीत, तुकतुकीत हात असलेल्या माणसाला मी म्हाताऱ्याची भूमिका देतच नाही.

खरोखरच सत्तरीचा नट घेतलात तर त्याची सोय आधी बघा. नेपथ्यात पायऱ्या कमी ठेवा, त्याचे प्रवेश तालमीत पहिल्यांदा घ्या म्हणजे रात्री साडेनऊला तो घरी जाईल, आणि जरीचा अंगरखा, शेला, पगडी हे सगळं पहिल्या आठवड्यापासूनच अंगावर चढवा. त्या वजनाखाली दम किती टिकतो ते कळलं की लांब संवाद कुठे तोडायचे ते लेखकाला वेळेत सांगता येतं.