स्वप्नातली लढाई खेळवताना या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ खेळवणाऱ्या प्रत्येक डीएमला, म्हणजे गोष्ट आणि शत्रू सांभाळणाऱ्या सूत्रधाराला, कधी ना कधी स्वप्नातली लढाई मांडण्याचा मोह होतो, आणि बहुतेकांची ती लढाई एकाच जागी फसते. नव्या मंडळींच्या शंका मात्र भलत्याच असतात: मागे संगीत कोणते लावावे, धुक्याचा नकाशा कसा काढावा, वर्णन आधी लिहून ठेवावे का. खेळाडू हरले तर सकाळी त्यांचे नेमके काय गेलेले असेल, हा प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला आहे; आणि मी तो उलट विचारला की 'ते ऐन वेळी बघू' असे उत्तर येते. ऐन वेळी काय होते ते मला माहीत आहे, कारण ही चूक मी स्वतः साग्रसंगीत करून बसलो आहे.

तेव्हा आमच्या मोहिमेला, म्हणजे अनेक बैठकींत चालणाऱ्या सलग गोष्टीला, वर्ष होत आले होते आणि खेळाडूंची पात्रे पाचव्या लेव्हलला पोहोचली होती. एका रात्री मी त्यांच्या तळावर हल्ला घडवला, पण हे स्वप्न आहे याचा पत्ता लागू दिला नाही. लढाई पावणेदोन तास चालली. फायटर, म्हणजे गटातला लढवय्या, मेला, आणि क्लेरिकने, म्हणजे मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याने, गटाकडचा एकुलता एक, तीनशे सुवर्णमुद्रांचा हिरा खर्चून रिव्हिव्हिफाय या मंत्राने त्याला परत आणले. त्यानंतर मी मोठ्या थाटात 'तुम्ही सगळे दचकून जागे होता' असे जाहीर केले. मला टाळ्यांची अपेक्षा होती. कोणी काही बोलले नाही, थोड्या वेळाने क्लेरिक खेळणाऱ्या मित्राने विचारले, "मग माझा हिरा?" मी म्हणालो, "आहे की, पिशवीतच आहे." त्याने पेन्सिल घेतली आणि मघाशी खोडलेल्या जागी 'हिरा १' असे पुन्हा लिहिले. पावणेदोन तासांचा हिशेब त्या एका ओळीत मिटला.

खरी किंमत पुढच्या सेशनला, म्हणजे पुढच्या बैठकीला, कळली. पुलावर नॉल या तरसमुखी राक्षसांच्या टोळीने गाठले, फायटर शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे जीव संपत येऊन, पडला, आणि त्याचे दोन डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याचे फासे; तिसरा फसला की मरण) फसेपर्यंत बाकीचे तिघे 'हे खरे आहे ना?' यावरच वाद घालत बसले होते. विझर्डने, म्हणजे गटातल्या जादूगाराने, तर स्वतःला चिमटा काढण्यात आपली पाळी घालवली. पुढे जवळजवळ दोन महिने कोणीही महागडा मंत्र वापरायला तयार नव्हते. त्यांचे काय चुकले? एकदा बुडवणाऱ्या दुकानदाराकडे माणूस उधारी ठेवत नाही.

स्वप्नात विश्वामित्राला दिलेले राज्य हरिश्चंद्राने जागेपणी सोडले, म्हणून त्या स्वप्नाची गोष्ट झाली. 'स्वप्नच तर होते' असे म्हणून तो कूस बदलून झोपला असता, तर आज त्याचे नाव कोणी घेतले नसते. स्वप्नातली देणी जागेपणी फेडावी लागणार आहेत, हे खेळाडूंना पहिला राउंड, म्हणजे सर्वांची एकेक पाळी, संपण्याआधी ठाऊक असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. 'मग सरप्राइज काय राहिले?' असे विचारणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की सरप्राइजची मजा पाच मिनिटांत ओसरते आणि लढाईचे दोन तास शिल्लक उरतात.

आता मी असे करतो. आदल्या रात्री एका पुठ्ठ्याच्या कार्डावर तीन ओळी लिहितो: हरलात तर काय जाईल, जिंकलात तर काय हाती येईल, आणि स्वप्नातले काय स्वप्नातच राहील. हे कार्ड टेबलाच्या मधोमध उपडे ठेवतो आणि हे स्वप्न आहे असे पहिल्या राउंडच्या आत कळले की उलटे करतो. तीन ओळी लिहिता येत नसतील तर ती लढाई मी खेळवत नाही. त्या दिवशी साधे दरोडेखोर बरे.

या तीन ओळींसाठी खेळाच्या २०१४ च्या नियमांतली नाइट हॅग, जिला आमच्या टेबलावर सरळ हडळ म्हणतात, फार उपयोगी पडते. ती इथिरियल प्लेनमधून, म्हणजे आपल्या जगाला लागून असलेल्या अदृश्य जगातून, झोपलेल्या माणसाला स्पर्श करते, आणि तो स्पर्श तासभर टिकला तर त्या माणसाला विश्रांतीचा काहीही लाभ होत नाही; शिवाय त्याचे कमाल हिट पॉइंट एका दहा-बाजूंच्या फाशावर पडेल तितके घटतात. ही घट ग्रेटर रिस्टोरेशन मंत्र किंवा तशाच जादूशिवाय भरून येत नाही, आणि क्लेरिकला तो मंत्र नवव्या लेव्हलला मिळतो. पाचव्या लेव्हलच्या किरकोळ प्रकृतीच्या विझर्डचे सत्तावीसच हिट पॉइंट असतात. फाशाची सरासरी साडेपाच धरली, तर पाच रात्रींत त्याचा निकाल लागतो. हा आकडा कार्डावर लिहिला की वेगळ्या भीतिदायक वर्णनाची गरज उरत नाही.

नियमपुस्तकातली हडळ एका वेळी एकालाच छळते. बाकीच्यांना त्या एकाच्या स्वप्नात शिरू देणे हा माझा पदरचा नियम आहे, आणि त्याची किंमत अशी की जो शिरेल त्याचीही त्या रात्रीची विश्रांती बुडेल. स्वप्नात वापरलेले स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याचा मोजका साठा, खर्ची पडतात, वस्तू मात्र पिशवीत राहतात. जिंकल्याचे फळ म्हणून मी हडळीचा हार्टस्टोन पणाला लावतो. तो काळा मणी जवळ असला तरच तिला इथिरियल होता येते. स्वप्नात तो हिसकावला की ती धाडकन तंबूत, सर्वांच्या समोर, हाडामांसाची होऊन पडते.

दुसरी चूक पहिलीइतकीच जुनी आहे आणि तिचे नाव 'स्वप्नात काय, काहीही चालते'. मी एकदा एकाच लढाईत जमिनीचा समुद्र केला, तलवारीचा साप केला, आणि तिसऱ्या राउंडला आकाश खाली आणले. एका खेळाडूने विचारले, "स्वप्नच आहे तर मी उडू शकतो का?" मला ते वर्णन आवडले म्हणून मी हो म्हटले. पुढच्या राउंडला फायटर खेळणाऱ्या मैत्रिणीने तेच विचारले, आणि तिच्या उडण्याने माझी योजना कोसळत होती म्हणून मी नाही म्हटले. ती वाद न घालता "ठीक आहे, मी हल्ला करते" एवढेच म्हणाली आणि उरलेला वेळ मान खाली घालून नुसते फासे टाकत राहिली. असे झाले की लढाई संपली असे समजावे. कारण तिथून पुढे खेळाडू डीएमच्या मर्जीशी खेळत असतात.

म्हणून माझ्या प्रत्येक स्वप्नात आता बदललेला नियम एकच असतो, तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो, आणि तो मी तोंडाने सांगण्याआधी शत्रूवर घडवून दाखवतो. मागच्या स्वप्नातला नियम असा होता की जो माघार घेतो त्याने सोडलेली नकाशावरची चौकट कायमची नाहीशी होते. पहिल्याच राउंडला हडळीचा एक चाकर दोन पावले मागे सरला आणि मी नकाशावरच्या त्या दोन चौकटींवर काळ्या कागदाचे तुकडे ठेवले. त्यावर मला काहीही समजावून सांगावे लागले नाही. चौथ्या राउंडपर्यंत खेळाडू हडळीलाच ढकलत ढकलत मागे सरायला लावू लागले होते, आणि ते मला सुचलेले नव्हते.

याच्याच जोडीला एक आडवाट फार लोकप्रिय आहे: स्वप्न म्हणजे मनाचा खेळ, तेव्हा सर्वांनी स्ट्रेंग्थऐवजी इंटेलिजन्सने हल्ला करायचा. कागदावर ही कल्पना छान दिसते. प्रत्यक्षात ज्याने पाच लेव्हल बळ वाढवण्यात घालवल्या, त्या खेळाडूला ती ऐन महत्त्वाच्या रात्री बिनकामाचा करते आणि विझर्डला फुकटची बढती देते. ज्यांना फार विचार न करता 'वेगळे' काहीतरी करायचे असते, तेच डीएम हिच्यामागे लागतात असा माझा अनुभव आहे.

एल्फ जातीच्या पात्राला विसरू नका. २०१४ च्या नियमांत एल्फ झोपतच नाहीत, चार तासांच्या ट्रान्सवर, म्हणजे ध्यानावर, त्यांचे भागते, आणि त्यामुळे एल्फ खेळणारा खेळाडू दोन तास मोबाइल चाळत बसलेला मी अनेक टेबलांवर पाहिला आहे. माझ्याकडे तंबूतली बाजू त्याच्याकडे असते. हडळीचा स्पर्श तासभर टिकावा लागतो, म्हणून स्वप्नातला एक राउंड मी तंबूतल्या सहा मिनिटांइतका धरतो; दहा राउंडांत तास भरतो आणि सगळ्यांना घड्याळ दिसते. प्रत्येक राउंडनंतर एल्फची पाळी येते. सी इन्व्हिजिबिलिटी हा अदृश्य गोष्टी दाखवणारा मंत्र असेल तर उशाशी बसलेली हडळ त्याला दिसते, आणि छळल्या जाणाऱ्यावर प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड हा संरक्षक मंत्र टाकला तर स्पर्श तुटतो. हे दोन्ही नसेल तर तो सरळ खांदा धरून हलवेल, आणि इथे पुष्कळ डीएम गडबडून 'तो उठत नाही' असे म्हणतात. उठू द्या. हिट पॉइंट वाचतात, पण हार्टस्टोन घेऊन हडळ निसटते आणि उद्या रात्री पुन्हा येते. आमच्या एल्फने एकदा आठव्या राउंडपर्यंत हात खांद्यावर ठेवून हलवले नव्हते, आणि त्या सेशनमध्ये त्याच्याइतका घामाघूम दुसरा कोणी झाला नव्हता.

बाकीच्या चुका थोडक्यात. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' म्हणून पात्राची मेलेली आई स्वप्नात आणायची असेल तर खेळाडूला आधी एकट्याला गाठून विचारा. टेबलाभोवती कोणाच्या घरात काय घडले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. प्रत्येकाला स्वतंत्र स्वप्न देऊ नका, कारण चार खेळाडूंपैकी तिघे कायम प्रेक्षक होतात. अर्ध्या पानाचे काव्यमय वर्णन वाचून दाखवू नका. एका मोहिमेत दोनपेक्षा जास्त स्वप्ने नकोत.

आणि स्वप्न अर्धवट ठेवून सेशन संपवू नका. 'पुढच्या वेळी इथून सुरू करू' असे एकदा म्हटले, मध्ये गणपती आले, एकाची परीक्षा आली, आणि पुन्हा बसलो तेव्हा पाच आठवडे उलटून गेले होते. कार्ड माझ्या वहीत होते. पण कोण स्वप्नात शिरले होते आणि कोण तंबूत जागे होते, यावर पहिला अर्धा तास गेला. आता रात्री साडेनऊनंतर मी कोणालाही झोपू देत नाही.