ठाण्याहून बसने अलिबाग ते दापोली : ज्येष्ठांसह चार दिवसांची सहल कशी आखावी

आमच्या नौपाड्यातील इमारतींमधून गेली काही वर्षे आम्ही हिवाळ्यात एक बस ठरवून कोकणात जातो. बरोबरचे बहुतेक जण साठीच्या पुढचे असतात. सहल ठरवताना पहिल्यांदा सगळेच जण नकाशा उघडून किलोमीटर मोजू लागतात, आणि माझ्या अनुभवाने सहल बिघडायला तिथूनच सुरुवात होते. किनाऱ्यावरच्या सहलीचे वेळापत्रक भरती-ओहोटीवरून आणि आपल्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांवरून आखावे लागते, अंतराचा विचार त्यानंतर येतो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णे आणि दापोली हा मार्ग डोळ्यांसमोर ठेवून ते कसे करायचे, हे येथे सांगतो. जुनी शहरे, जलदुर्ग, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि समुद्र हे सर्व या एका मार्गावर मिळते, आणि चार दिवसांत कोणाची दमछाक होत नाही.

आधी तारीख ठरवावी, कारण बाकीचे सर्व तिच्यावर अवलंबून आहे. पावसाळ्यात किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. शनिवार-रविवारी वडखळपासून अलिबागपर्यंत वाहनांची रांग लागते, तेव्हा सोमवारी निघून गुरुवारी परतणे उत्तम. यात आणखी एक फायदा असा, की जंजिरा शुक्रवारी पडत नाही. त्या दिवशी दुपारच्या नमाजाच्या वेळी तेथे पर्यटकांना थांबावे लागते.

यानंतर तिथी पाहावी. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा आहे, की त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि सकाळी सव्वानऊच्या आसपास ओहोटी. पुढे रोज ही वेळ पाऊण तासाने, प्रत्यक्षात त्याहून थोडी अधिक, पुढे सरकते. आता आपला मार्ग यावर ठेवून पाहावा. पहिल्या दिवशी अलिबागचा कुलाबा किल्ला, जेथे ओहोटीला वाळूतून चालत किंवा घोडागाडीने जाता येते; आणि तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, जी कातळावरून असल्याने फक्त ओहोटीलाच करायची असते. चतुर्थीला निघाले, तर पहिल्या दिवशी सव्वानऊला आणि तिसऱ्या दिवशी, षष्ठीला, पावणेअकराच्या सुमारास पाणी उतरलेले असते, आणि दोन्ही ठिकाणी सकाळीच जाता येते. अष्टमीच्या आसपास मात्र भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, असते. तेव्हा पाणी पुरेसे खाली जात नाही, आणि ओहोटीची वेळ साधूनही कुलाब्याच्या वाटेवर गुडघाभर पाणी उरू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे हटते खरे, परंतु ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, ती बसच्या सहलीला सोयीची नाही. म्हणून आम्ही शुद्ध चतुर्थी पसंत करतो. वद्य चतुर्थी संकष्टी असते, आणि बरोबरच्या निम्म्या लोकांचा चंद्रोदयापर्यंत उपवास असतो. तीच तारीख घ्यावी लागली, तर साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचे लाडू बरोबर ठेवावेत आणि मुरूडच्या मुक्कामी रात्रीच्या जेवणाची वेळ तशी सांगून ठेवावी. हा तोंडी हिशेब आखणीपुरता आहे. निघण्यापूर्वी त्या तारखांचे छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून आणि स्थानिक होडीवाल्याला फोन करून वेळ पक्की करावी.

बस ठरवताना मोठ्या गाडीचा मोह टाळावा. पंचेचाळीस आसनांची बस महामार्गावर आरामदायक असते, पण केळशी-आंजर्ल्याकडचे वाड्यांमधले रस्ते आणि फेरीबोटीचा उतार तिला अडचणीचे पडतात. सत्तावीस ते बत्तीस आसनांची, मागे झुकणाऱ्या खुर्च्यांची बस या मार्गाला योग्य. दरपत्रक तोंडी घेऊ नये. किलोमीटर गॅरेजमधून सुटल्यापासून गॅरेजमध्ये परतेपर्यंत मोजले जातात, रोजचे किमान किलोमीटर धरलेले असतात, आणि चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग व फेरीबोटीचे बसचे भाडे यांतले काय आत आहे व काय बाहेर, हे लिहून घ्यावे लागते. पर्यटन परवाना, फिटनेस, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती मागाव्यात. चांगला बसमालक त्या न कुरकुरता देतो. आपत्कालीन दरवाजा उघडतो का, हे स्वतः उघडून पाहावे, कारण आम्ही एकदा पाहिले तेव्हा तो गंजून बसलेला होता.

चालकाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होते. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाचे दिवसाला आठ तास ठरवले होते. पहाटे पाचला बस काढलेल्या माणसाकडून रात्री दहाला घाटातून गाडी चालवून घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि आपल्या जिवाशी खेळ आहे. मुक्कामी त्याला स्वतंत्र, निदान निजता येईल अशी खोली आणि आपल्याबरोबरीचे जेवण मिळेल, हे खोल्या ठरवतानाच पक्के करावे. बसमध्ये झोपलेला चालक दुसऱ्या दिवशी ताजा नसतो.

खर्चाची वाटणी करताना बस तीस जणांची असली, तरी भाडे सव्वीस-सत्तावीस जणांत वाटून वर्गणी ठरवावी, कारण शेवटच्या आठवड्यात दोघा-तिघांच्या घरी काही ना काही निघतेच. त्यावर दहावा हिस्सा राखीव धरावा आणि उरलेले पैसे परत करावेत. नावनोंदणीच्या वेळीच प्रत्येकाकडून रक्तगट, चालू औषधे, घरच्यांचा फोन आणि पायऱ्या चढण्याविषयीची खरी स्थिती लिहून घ्यावी. खोल्या तळमजल्यावरच्या किंवा लिफ्ट असलेल्या जागीच घ्याव्यात. एके वर्षी एका मुक्कामी आम्हांला फोनवर तळमजला कबूल करून प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या दिल्या गेल्या, आणि आमच्यातील एका काकूंनी ती रात्र खालच्या बाकावर बसून काढण्याची तयारी दाखवली. त्यांना खोली मिळाली, पण तेव्हापासून खोल्यांचे क्रमांक लेखी आल्याशिवाय आम्ही आगाऊ रक्कम पाठवत नाही.

पहाटे साडेपाचला तीन हात नाक्याच्या सेवा रस्त्यावरून निघावे. नौपाड्याच्या गल्ल्यांत बस बोलावू नये. प्रत्येक इमारतीखाली थांबली, तर निघतानाच पाऊण तास जातो. ऐरोली आणि वाशी येथे एकेक थांबा ठेवून पळस्पे, पेण, वडखळ या मार्गाने साडेआठपर्यंत अलिबाग गाठता येते. पेणला चहा आणि स्वच्छतागृहासाठी थांबणे आवश्यक धरावे. दर दोन तासांनी असा थांबा हवाच, कारण स्वच्छतागृहाच्या काळजीने कित्येक बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी त्यांना चक्कर येते.

कुलाबा किल्ल्याला दोन तास द्यावेत. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये याचे बांधकाम सुरू करवले आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे प्रमुख ठाणे झाले. आत रघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणेशाचे पंचायतन मंदिर आणि गोड्या पाण्याची विहीर आहे. तटाजवळ चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन तोफा आहेत, त्यांच्यावर वाकून पाहावे: इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव ओतीव अक्षरांत आजही वाचता येते. ज्यांना वाळूतून चालणे जमत नाही, त्यांच्यासाठी घोडागाडी आधी सांगून ठेवावी, आणि वाटेवर पाणी चढू लागण्याच्या अर्धा तास आधी सर्वांनी किनाऱ्याकडे निघावे, यावर वाद घालू देऊ नये. गावात परतल्यावर कान्होजींची समाधी पाहावी; १७२९ मध्ये ते गेले.

दुपारी जेवून चौल-रेवदंडा करावे. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. त्याचे अवशेष आज माडांच्या वाड्यांत विखुरलेले आहेत, आणि तेथला उंच मनोरा गावकरी सातखणी म्हणून ओळखतात. रशियाचा प्रवासी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात चौलच्याच बंदरात उतरला होता. येथे घाई करू नये. वाडीतून पाटाचे पाणी सोडलेले असते, पोफळीच्या सावलीत जमीन ओली असते, आणि मालकाला विचारून आत गेले तर तो बहुधा स्वतः फिरवून दाखवतो. पुढे साळावकडे जाताना खाडीवरचा पूल त्या दिवशी बसला खुला आहे का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. साळावच्या बिर्ला गणेश मंदिराची राखलेली बाग संध्याकाळी अर्धा तास बसायला चांगली आहे. मुक्काम मुरूडला.

दुसऱ्या दिवशी जंजिऱ्याला सकाळी लवकर जावे, कारण दुपारनंतर वारा वाढतो. राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. होडी किल्ल्याला लागल्यावर ती हलत असतानाच पाय टाकावा लागतो, आणि येथेच गुडघ्यांचा प्रश्न येतो. तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, हात देतात, पण ज्यांना खात्री वाटत नाही, त्यांनी राजपुरीच्या किनाऱ्यावर थांबण्यात कमीपणा मानू नये. त्यांच्यासोबत एक धडधाकट माणूस ठेवावा. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. त्याच्यापाशी पायांत, तोंडात आणि शेपटीत हत्ती पकडलेल्या शरभाचे, म्हणजे वाघासारख्या काल्पनिक प्राण्याचे, शिल्प आहे, ते सर्वांना दाखवावे. एकोणीस बुरूज, कलालबांगडी तोफ आणि भोवती खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याचे तलाव, एवढे पाहायला दीड तास पुरतो. परतताना समुद्रात दूरवर पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो बांधवला.

आगरदांड्याहून दिघीला बस फेरीबोटीवर चढवता येते, आणि त्यामुळे रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. आदल्या दिवशी फोन करून बसची लांबी सांगावी आणि पूर्ण ओहोटीची वेळ टाळावी, कारण पाणी फार उतरले, की बोटीच्या फळीचा उतार वाढतो आणि बसचे शेपूट घासते. चढताना बस रिकामी करून सर्वांनी पायी चढावे. संध्याकाळ श्रीवर्धनला. भट घराण्यातील पहिल्या पेशव्यांचे, १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेल्या बाळाजी विश्वनाथांचे हे गाव, आणि येथल्या रोठा सुपारीचे नाव दूरवर आहे. ज्यांना घेऊन जायची, त्यांनी घाऊक व्यापाऱ्याकडून नव्हे, वाडीतूनच घ्यावी.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास हरिहरेश्वर. प्रदक्षिणेचा मार्ग समुद्राने कोरलेल्या कातळावरून जातो. शेवाळाने तो निसरडा होतो आणि लाटेने येथे माणसे ओढली गेलेली आहेत. म्हणून स्थानिकांनी नको म्हटले, तर दर्शन घेऊन परत फिरावे, सहलीतील उत्साही तरुणांनाही सोडू नये. पुढे बागमांडल्याहून वेश्वीला दुसरी फेरीबोट, मग केळशी, आंजर्ले आणि संध्याकाळी हर्ण्याला मासळीचा लिलाव. समोर सुवर्णदुर्ग दिसतो, जो २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी एक आहे. किल्ल्यात शिरण्याचा आग्रह ज्येष्ठांसोबत धरू नये. किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावरून तो पुरेसा दिसतो. मुक्काम दापोलीला.

चौथ्या दिवशी सकाळी कोकण कृषी विद्यापीठाची रोपवाटिका. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने रत्ना आणि सिंधू या आंब्याच्या जाती दिल्या. सिंधूची कोय अगदी नावापुरती असते. घरच्या गच्चीसाठी किंवा गावच्या परसासाठी कलमे घेणारे बरेच जण निघतात, तेव्हा बसच्या मागच्या भागात जागा राखून ठेवावी आणि कलमांच्या पिशव्यांवर नावे लिहावीत. परतीला खेड आणि महाड या मार्गाने यावे. महाडला चवदार तळ्यापाशी थांबावे, जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी पाणी प्राशन केले. रायगड त्याच वाटेवर जवळ असला, तरी तो या सहलीत कोंबू नये. त्याला स्वतंत्र दोन दिवस द्यावेत.

बसमधल्या जागा रोज दोन रांगा पुढे सरकवाव्यात, म्हणजे मागच्या धक्क्यांचा त्रास एकाच माणसाला होत नाही. पाठदुखी असलेल्यांना मात्र चारही दिवस मध्यभागी ठेवावे. प्रत्येक थांब्यानंतर डोकी मोजण्याऐवजी जोड्या ठरवून जोडीदाराने जोडीदाराची हाक द्यावी. १०८ आणि ११२ हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावेत. परतीच्या दिवशी पनवेल ओलांडताच घरच्यांना वेळ कळवावी, ऐरोली आणि तीन हात नाक्याला दोन-तीन रिक्षा आधी सांगून ठेवाव्यात, आणि शेवटचे आजोबा घराच्या जिन्यापर्यंत पोहोचल्याचा फोन येईपर्यंत बस सोडू नये.